सायकल ताशी साठ, पोट जागच्या जागी

गेल्या वर्षी एक दिवस मी पेण तालुक्यातला सगळ्यात वेगवान सायकलस्वार होतो.

याचं मूळ मोदकांत. "गणपतीपर्यंत पाच किलो उतरवा, नायतर एकपण मोदक मिळणार नाय!" बायकोने जाहीर केलं. (मी एका बैठकीत एकवीस खातो. बाप्पालासुद्धा तेवढेच दाखवतात.) देखरेखीला नेमला तिचा भाऊ, रोह्याचा सुरेश. धाटावच्या कंपनीत सेफ्टीचं काम, त्यामुळे दुसऱ्याच्या जिवाची काळजी त्याच्या रक्तातच! त्याने माझ्या सायकलच्या हँडलला मोबाईल बांधला. माझा वेग त्याला थेट रोह्यात दिसायला लागला.

पहिल्याच दिवशी पेणहून जिते गावापर्यंत जाऊन परतताना फोन.

"भावोजी, आठचा स्पीड? अशानं चरबी जळायची नाय, नुसती कोमट होईल! धाप लागली पायजे, धाप!"

धाप मला सायकलवर चढतानाच लागली होती!

तिसऱ्या दिवशी अन्वरभाईचा टेम्पो देवासारखा भेटला. तो जित्याकडच्या कारखान्यांतून कच्च्या मूर्ती पेणला रंगवायला आणतो. एखादी सोंड मोडू नये म्हणून इतका जपून, की टेम्पोचा वेग बरोबर सायकलीएवढा! सायकल मागे मूर्तींच्या शेजारी, मी पुढे केबिनमध्ये.

"भावोजी, अठरा! शाब्बास!" सुरेश खूश. बायको आळीभर सांगत सुटली. वजन मात्र किलोभर वाढलं (जित्याच्या नाक्यावर वडापाव गरम मिळतो). "मसल बनतायत," सुरेशने तिची समजूत घातली.

मग एक दिवस मूर्ती सुकल्याच नव्हत्या. टेम्पो रिकामा निघाला. महिन्याभरात पहिल्यांदाच मोकळा सुटलेला अन्वरभाई! मला केबिनमध्ये डुलकी लागली. सुरेशने फोनवर फोन केले, पण मोबाईल मागे हँडलवर एकटाच वाजत राहिला. शेवटी त्याने बायकोला गाठलं.

"ताई, भावोजी साठच्या स्पीडनं येतायत! ब्रेक फेल हाय! रस्त्यात गाद्या टाक!"

आळीच्या तोंडाशी टेम्पो थांबला, तेव्हा रस्त्यात चार गाद्या, अकरा शेजारी आणि पदर खोचून उभी असलेली रडवेली बायको. मी केबिनमधून उतरलो. हातात अर्धा वडापाव, अंगावर घामाचा थेंब नाही! माझ्यासाठी ती रडली हे बघून मला खरंच गलबलून आलं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"लागला वाटतं ब्रेक," ती एवढंच म्हणाली.

गणपतीत तिने अन्वरभाईला मानाने बोलावलं आणि एकवीस मोदक वाढले.

"सगळी धावपळ तुमची भाई, मोदकपण तुम्हालाच!"

मी बाप्पासमोर बसून बघत राहिलो. पोट माझं आणि बाप्पाचं सारखंच, नैवेद्य मात्र एकालाच!