होडीच्या गळ्यातला हार

समुद्रकाठच्या गावात आलं की माझी भाची तन्वी आधी फोटोसाठी जागा हुडकते, समुद्र नंतर बघते. या वेळी तिला वाळूत ओढून ठेवलेली एक जुनी, निळा रंग उडालेली होडी सापडली. होडीच्या टोकाला अबोलीचा ताजा हार होता. तन्वीने तो उचलून स्वतःच्या गळ्यात घातला आणि माझ्याकडे बघून हसली.

"काढ गो बाय तो," शेजारी मासे सुकत घालणारी म्हातारी म्हणाली. "जित्या माणसान घालूचो नसता."

होडी तिच्या नवऱ्याची. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

"तेचो फोटो कधी काढूकच नाय. मगे हार खंय घालू? म्हणान हिका घालतंय."

तन्वीचा चेहरा उतरला. तिने हार हळूच जागच्या जागी ठेवला.

आपल्याकडे माणूस गेला की पहिली शोधाशोध फोटोची होते. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्याचा चेहरा कापून, मोठा करून आणतात. पण त्या घोळक्यातही जो कधी उभा राहिला नाही, त्याचं काय?

म्हातारीने हात लुगड्याला पुसले, पदर सारखा केला आणि होडीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. लग्नाच्या फोटोत बायको उभी राहते, तशी.

"आता काढ," ती म्हणाली.

तन्वी फोटो काढताना सगळ्यांना "स्माइल" म्हणते. या वेळी म्हणाली नाही.