सोपानरावांची अभ्यासिका रात्री बंद होऊ लागली

पिंपळे गुरवात सोपानरावांची अभ्यासिका आहे. शेतीच्या जागेवर त्यांनी घर बांधलं, तेव्हा खालचा मजला दुकानांना न देता मुलांच्या अभ्यासासाठी ठेवला. त्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. म्हणून टेबलाशी वाकून वाचणारी पोरं बघितली की त्यांना बरं वाटायचं. अभ्यासिका चोवीस तास उघडी असे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तिथं सगळ्यात नेटानं बसायची ती वर्षाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आईवडील लातूरकडे. परीक्षा आली की ती उजाडेपर्यंत बसायची आणि तोंड धुऊन तशीच कॉलेजला जायची. इतरांना गणित अडलं की समजावून सांगायचीही तीच.

त्या हिवाळ्यात गणिताच्या पेपराहून परतली आणि पायरीवर बसली ती उठेचना. सोपानरावांनी चहा मागवला. हळूहळू तिनं सांगितलं. प्रश्नातले शब्द कळत होते, पण विचारलंय काय ते कळत नव्हतं. एकच गणित तिनं दोनदा सोडवलं, आणि आदल्या दिवशी दुसऱ्यांना शिकवलेलं कोरं राहिलं.

"दोन रात्री झोपले नव्हते," ती म्हणाली. "पण अभ्यास सगळा झाला होता, काका."

सोपानरावांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आत फेरी मारली. निम्मी पोरं पुस्तकावर डोकं टेकून पडलेली. त्यांनी सुनेला, दिव्याला, सांगून टाकलं की आजपासून रात्री दहाला कुलूप. पोरं पलीकडच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत जातील, असं ती म्हणाली.

"जाऊ देत. आमी जागा दिली ती शिकायला. डोकं बधिर करून घ्यायला न्हाई."

काही जण खरंच गेले. सगळ्यात जास्त चिडली ती वर्षालीच. तिनं दिव्याला आपली अडचण सांगितली. कॉट बेसिसवरच्या, म्हणजे फक्त खाटेचं भाडं भरायच्या खोलीत त्या पाच जणी. कोणी शिफ्टवरून येतेय, कोणी निघालीय, दिवा कधी विझतच नाही. तिथं पडून तळमळण्यापेक्षा इथं वाचत बसलेलं बरं, म्हणून ती जागायची.

हे सोपानरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी गच्चीवरची अडगळीची खोली रिकामी करवली. दिव्यानं जाड पडदे लावले, गाद्या टाकल्या, आणि ज्या मुलींना खोलीवर झोप मिळत नव्हती त्यांना तिथं निजायला सांगितलं. मुलग्यांनीही हट्ट धरला, तेव्हा दहानंतर दिवे मालवून अभ्यासिकेच्याच मागच्या भागात त्यांच्यासाठी सतरंज्या पडल्या.

सुरुवातीला वर्षालीला तिथंही झोप येईना. राहिलेले धडे डोळ्यांपुढं यायचे. मग लागू लागली. वाचनाचे तास कमी झाले याची तिला धास्ती वाटायची, पण एकदा वाचलेलं आता डोक्यात राहत होतं. कोणी काही विचारलं तर उत्तरासाठी चाचपडावं लागत नव्हतं.

उन्हाळ्याच्या परीक्षेत ती सगळ्या विषयांत पास झाली, हिवाळ्यात राहिलेल्या गणितातसुद्धा. पहिली वगैरे आली नाही. पेढे घेऊन आली, तेव्हा सोपानरावांनी कौतुकानं विचारलं, "ते अडलेलं गणित काय व्हतं गं?"

तिनं जिन्यातच बसून ते सावकाश समजावून सांगितलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. पण ती न अडखळता बोलत होती, तेवढ्यावर खूश होऊन त्यांनी आणखी एक पेढा घेतला.