फेस, पण दाढीचा नाही

कनेरगाव नाक्यावर माझं सलून आहे आणि माझ्यासारखा वस्तरा या रस्त्यावर कोणी चालवत नाही, हे मी स्वतःच सांगतो. अशा माणसाच्या हातांवर सोरायसिस उठला. लाल चट्टे, वर पांढरा कोंडा. तो कोणाला लागत नाही. पण खुर्चीत मान टेकून बसणाऱ्याला हे कोण पटवणार? गिऱ्हाईक हळूहळू पुढच्या दुकानात वळलं. बाकीच्यांचं जाऊ द्या, पण माझ्या लग्नाआधीपासून माझ्याकडेच कटिंगला येणारे कापडवाले चाचा यायचे थांबले, ते मला फार लागलं.

आधीचं मलम चिकट होतं. कितीही पुसलं तरी वस्तरा निसटायचा, म्हणून मी ते लावणंच सोडलं. मग हिंगोलीच्या डॉक्टरांनी फेसाचं औषध दिलं. उन्हाळ्यात तळहातावर घेतलं की लगेच पाणी होऊन ओघळायचं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे थंड वाटीत घेऊन चट्ट्यांवर चोळलं की जिरून जायचं. तळवे धुतले की वस्तरा पक्का.

लपवायचं कशाला? मी ते आरशासमोर, सगळ्यांदेखत लावू लागलो. डबा हलवला की नवखं गिऱ्हाईक गाल पुढं करायचं.

"तुमचा न्हाई, माझा फेस हाय," मी म्हणायचो आणि हसता हसता रोगाचंही सांगून टाकायचो.

चट्टे फिके पडले, खुर्ची पुन्हा भरली. चाचा मात्र नाहीच. मला संताप यायचा. एवढा जुना माणूस, आणि त्याला माझ्या हातांची किळस यावी!

एका दुपारी दुकान रिकामं असताना ते आले. बसले नाहीत.

"सगळ्यांसमोर लावतो म्हणं. शरम न्हाई वाटत?"

"काहून वाटावी? चोरी केली का मी?" मी उखडलोच.

मग त्यांनी टोपी काढली. कानामागून टाळूपर्यंत तसेच चट्टे, माझ्यापेक्षा जाड.

"तुला दिसंल म्हणून येत नव्हतो," ते म्हणाले. "लई तकलीफ हाय. तुझ्यातलं थोडं दे."

"दुसऱ्याचं औषध लावू न्हाई. उद्या मी नेतो तुमाला डॉक्टरकडं. आधी बसा, केस किती वाढलेत!"

हात धुऊन मी त्यांच्या डोक्याला लावला, तशी त्यांनी मान आखडली.

"राहू दे. घरचे बी हात लावत न्हाईत."

मी हात काढला नाही.