गच्चीवरची तार

आमच्या गच्चीवर एक तार ताणून बांधलेली आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, हा आमच्या संसारातला पहिला कायदा. ती ह्यांच्या हॅम रेडिओची अँटेना. आज सकाळी तिच्यावर एक कावळा ऐटीत बसला होता आणि खाली खोलीत हे कुठल्याशा बेटावरच्या माणसाला विचारत होते, "माझा आवाज येतोय का? ओव्हर."

"येतोय. माझा येतोय का? ओव्हर."

एवढ्यावर दोघांनाही आभाळ ठेंगणं! जन्मभराचा छंद, आणि बोलणं इतकंच. पण माणसाला आणखी हवं तरी काय असतं? आपला आवाज कुणापर्यंत तरी पोचावा. मात्र त्या यंत्राची एक गंमत आहे. बटण दाबून बोलत असेपर्यंत समोरच्याचं ऐकू येत नाही. म्हणून 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं.

"अहो, चहा!" मी स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडले. ओ दिली ती कावळ्यानं. शेवटी दारात जाऊन म्हटलं, "चहा निवतोय. ओव्हर."

हे ताडकन वळले. "आवाज अगदी स्पष्ट! आणखी काही? ओव्हर."

मग मी गळक्या नळापासून सुरुवात केली, आणि बटण काही सोडलं नाही.