टेबलाखालची पाचर

रंगनाथ मोकासे गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नक्की?" बायको म्हणाली, "मेलेल्या माणसावर तरी संशय घेऊ नका." पण जन्माची सवय एका फोननं कशी सुटेल...

पोलिस ॲक्शननंतर निजामाचे अंमलदार गेले, क्लबातलं त्यांचं बिलियर्डचं टेबल मात्र इथंच राहिलं. त्यावरच मी आणि रंगनाथ स्नूकर खेळायला शिकलो. तो पिशोरहून कॉलेजला आलेला, मी औरंगपुऱ्यातल्या कापडवाल्याचा मुलगा. राज्य स्पर्धेला आमच्यातून एकच जण जाणार होता. शेवटच्या सामन्यात काळा चेंडू तेवढा उरला. मी हलक्या हातानं मारला. सरळ निघालेला चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाऊन बाजूला कलला, आणि पुढच्या फटक्यात रंगनाथनं तो घातला. त्याच सकाळी मी त्याला टेबलाच्या पायाशी गुडघ्यांवर बसलेला पाहिलं होतं, हातात हातोडी आणि सागवानी पाचर. "काय करतोस रे खाली?" "काय नाय, बघतोय," म्हणत त्यानं पाचर खिशात टाकली. पुढं तो देशभर खेळला, नाव कमावलं. मी दुकानाच्या गल्ल्यावर बसलो.

खेळणं थांबल्यावर तो त्याच क्लबात शिकवायला लागला. वाळूजच्या कारखान्यांतली पोरं पाळी संपवून "सर, सर" करत यायची. मीही रोज जायचो. खेळायला कमी, पाळत ठेवायला जास्त. तो सगळ्यांच्या आधी येऊन दार लोटून घ्यायचा आणि आतून ठकठक ऐकू यायची. एकदा तोंडावरच विचारलं, "रंग्या, त्या दिवशी टेबल कलतं केलं होतंस ना?" क्यूच्या काठीला खडू घासत तो हसला. "लई वर्षं झाली की. अजून तिथंच अडकलास व्हय?" हो नाही की नाही नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं.

तो गेला आणि पंधरवड्यात पोरं कुरकुरायला लागली, चेंडू डावीकडं पळतो म्हणून. मी जाऊन पाहिलं. खरंच पळत होता. क्लबाच्या फरशीखाली काळी माती. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि टेबल तिच्याबरोबर हलतं. पायाशी पाचरींचा ढीग होता, जाड, पातळ, कागदाएवढ्याही. म्हणजे हा बाबा रोज टेबल सरळ करत होता. मला तिथंच रडू आलं, आणि रागही आला. अरे, एवढं सांगायला तुझं काय जात होतं? आणि त्या सकाळी नेमकं काय केलंस, सरळ की कलतं? ते आता कुणाला विचारू...

हल्ली मीच सगळ्यांच्या आधी जातो. परवा पायाशी बसून पाचर ठोकत होतो, तेवढ्यात वाळूजचा संतोष आला. आदल्या दिवशी तो माझ्याकडून थोडक्यात हरला होता. दारातच थबकला. "काका, काय करताय खाली?"

"काय नाय, बघतोय," मी म्हणालो, आणि पाचर खिशात टाकली.

त्या दिवसापासून संतोषही लवकर येतो.