बाईंचा ज्वालामुखी

आमच्या बाई लग्नाच्या पंगतीतही खरं बोलायच्या. यजमान हात जोडून जेवण कसं झालं विचारत आले, की अख्खी पंगत 'एक नंबर' म्हणायची आणि बाई म्हणायच्या, "वरणात मीठ नाही. भाजी बरी होती." त्यामुळे त्यांना लग्नाला बोलावणारे लोक दोनच प्रकारचे होते. एक, ज्यांचा आपल्या आचाऱ्यावर पक्का भरवसा होता ते. आणि दुसरे आम्ही नातेवाईक, ज्यांचा इलाज नव्हता.

बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या शाळेत सारी नोकरी त्यांनी भूगोल शिकवण्यात घालवली. गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्या साऱ्या गावाच्या बाई होत्या आणि घरातही 'आत्या' हा शब्द मागे पडला. दोन वर्षं मीही त्यांच्याकडे राहून त्यांच्याच वर्गात शिकलो. अमरावतीच्या एका कचेरीत मी आज जो काही आहे, तो आपल्यामुळे नाही, हे त्या भेटेल त्याला आवर्जून सांगत.

त्यांचा एक कायदा होता. डोळ्यांनी पाहिलं असेल ते 'आहे' म्हणून सांगायचं. ऐकलं असेल त्याला 'म्हणतात' जोडायचं. "मूर्तिजापूरले गारपीट झाली," असं मी म्हटलं, की लगेच, "तू होता का तिथं? नाही ना? मंग 'झाली म्हणतात' म्हन." आमच्या घरात त्यामुळे अफवा फार लवकर मरायच्या.

आणि एक त्यांचा ज्वालामुखी होता. सातवीच्या वर्गात दरवर्षी त्या फळ्यावर ज्वालामुखी काढायच्या. खडू न उचलता डोंगराची रेघ, पोटात लाव्ह्याची नळी, आणि शेवटी लाल खडू आडवा धरून असा उभा फराटा, की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकायची. मी भूगोलात कधी पास झालो असेन, तर त्या एका चित्राच्या जोरावर.

त्यांच्या निवृत्तीलाही आता दहाएक वर्षं झाली होती. माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि एकदा तरी साऱ्यांनी मिळून परदेशी जायचं, असं तिने ठरवलं. बायकोला समुद्र पाहिजे होता. मला अमरावतीला लागून असलेल्या वलगावच्या पुढे कुठेही चाललं असतं. बाईंना विचारायला गेलो तेव्हा वाटलं, गुडघ्यांचं कारण सांगतील. ज्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्या बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "जिथं ज्वालामुखी असन तिथं येतो. नसन त तुमी जा."

मुलीने बाली शोधून काढलं. समुद्रही होता, ज्वालामुखीही होता. मी चिवड्याचे तीन डबे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो तुरीची डाळ घेतली. तिथे डाळ मिळत नाही म्हणतात, असं मी म्हटलं आणि कायदा पाळला म्हणून बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

तिथे आम्हाला वायान नावाचा गाडीवाला भेटला. तो बाईंना 'इबू' म्हणायचा. त्यांच्याकडे आईलाही इबू म्हणतात आणि शाळेतल्या बाईलाही. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सीटबेल्टवरून झापलं, तेव्हा दोन्ही अर्थ त्याच्या ध्यानात आले असावेत.

तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला डोंगरावर नेलं. वर रस्त्याच्या कडेला कठडा होता, बाकडी होती, आणि कठड्यापलीकडे ढग. पांढरा, जाड. समोर ज्वालामुखी आहे, असं वायान म्हणाला. म्हणजे बाईंच्या भाषेत, 'आहे म्हणतात'. आम्ही दोन तास बसलो. बायको आणि मुलगी टोप्या पाहायला गेल्या. बाई बाकड्यावर पर्स मांडीवर धरून त्या ढगाकडे निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारख्या पाहत होत्या.

मी म्हटलं, "नाही दिसला तर नाही दिसला, बाई. उद्या समुद्रावर जाऊ."

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात तपासणीला साहेब आले होते. मागे बसून पाहत होते. बाईंनी ज्वालामुखी काढला, लाल फराटा मारला, आणि शेवटच्या बाकावरचा सुधाकर उभा राहिला. बाई, तुमी पायला का, म्हणाला. नाही त मंग 'म्हणतात' म्हना. सारा वर्ग हसला. साहेबही हसले. "त्यायचं हसनं मले लागलं," बाई म्हणाल्या. "अन् मी म्हटलं, हो, पायला. एका बेटावर."

मी हसलो. एवढंच ना, म्हटलं.

"एवढंच नाही. तो सुधाकर आता त्याच शाळेत मास्तर आहे. माह्या जागेवर. दरवर्षी पोरायले सांगते, आमच्या बाईनं ज्वालामुखी सोताच्या डोयानं पायला. सातवीचा एक वर्ग दरवर्षी माह्या नावानं खोटं शिकून राहिला."

ज्या बाईंनी वरणातलं मीठ कधी सोडलं नाही, त्यांनी हे तीस वर्षं पोटात ठेवलं होतं. आता मला त्यांना कसंही करून सोडवायचं होतं. सातवीचं उरलंसुरलं ज्ञान गोळा करून मी म्हटलं, "बाई, आपल्या अकोल्याचा काळा दगडसुद्धा लाव्ह्याचाच ना? तुम्हीच शिकवलं. म्हणजे जन्मभर तुम्ही ज्वालामुखीवरच उभ्या होता. खोटं कुठे झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला भूगोलात अकरा गुण मिळाले होते तेव्हा पाहिलं होतं, तसंच.

"मी दगड पायला असं नव्हतं म्हटलं. डोंगर पायला म्हटलं. पळवाट काढू नको."

ढग तसाच राहिला. आम्ही खाली आलो. परतीच्या विमानाला दोनच दिवस होते आणि दोन्ही दिवस समुद्राचे ठरलेले. मी बायकोला हकिगत सांगितली. मग बॅगेतली नवी, अजून लेबल न काढलेली समुद्रावरची टोपी तिने कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "वायानला सकाळी बोलवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कठडा, तेच बाकडं, तोच ढग. दुपार झाली. आता पुढचं मी बाईंच्या कायद्याने सांगतो, कारण ढग उघडला तो क्षण मी पाहिला नाही. मी गाडीत डोकं घालून चिवड्याचा तिसरा डबा शोधत होतो. ढग मधोमध फाटला आणि पडद्यासारखा दोन्हीकडे गेला, असं माझी बायको म्हणते.

मी पाहिलं ते हे, की डबा घेऊन वळलो तेव्हा बाई उभ्या होत्या. पर्स खाली पडली होती. जन्मभर दुसऱ्यांना दाखवणाऱ्या बाई पहिल्यांदा स्वतः काही पाहत होत्या. सत्तरीतल्या बाईंच्या जागी मला सातवीतली एक मुलगी दिसली, पहिल्या बाकावरून मागे सरकलेली.

मग मी डोंगर पाहिला. त्याच्या अंगावरून काळा ओघ खाली आलेला, वितळलेला डोंगर जागच्या जागी गोठावा तसा. पायथ्याशी मोठं तळं, माथ्यापाशी वाफेची एक बारीक रेघ. लाल काहीच नव्हतं. आवाजही नव्हता.

बाईंचा हात हळूहळू वर आला. त्यांनी समोरचा डोंगर दाखवला नाही. त्या बोटाने लांबवरचा डोंगरकडा धरून गोल गोल फिरत आल्या, डावीकडून, तळ्यामागून, आणि आमच्या पायाखालच्या रस्त्यावर येऊन थांबल्या.

"तो समोरचा त लेकरू आहे," त्या म्हणाल्या. "मोठा हा आहे. हे सारं त्याचं तोंड. काल आपण बसलो होतो ना, ते त्याच्या ओठावर."

मी डबा खाली ठेवला. काल याच बाकड्यावर बसून त्यांनी मला सांगितलं होतं, की आपण ज्वालामुखी पाहिलाच नाही.

वायानने गाडी खाली उतरवली, त्या तोंडात. तिथे गावं होती. शाळा सुटलेली पोरं होती. काळ्या लाव्ह्याच्या कडेला कांद्याचे वाफे होते, आपल्याकडे असतात तसेच, हातभर रुंद. एका कपारीतून वाफ येत होती आणि एक बाई तीत टोपली ठेवून अंडी उकडत होती. बाईंनी वाफेवर तळवा धरला आणि कितीतरी वेळ मागे घेतला नाही. मी काळजीने पुढे झालो तर म्हणाल्या, "थांब. जिता आहे तो."

मग वायानला मध्ये घालून त्यांनी त्या अंडीवालीला विचारलं, भेव नाही लागत का. तिने काळ्या दगडांकडे बोट केलं. आजोबांचं घर त्यांच्याखाली आहे, म्हणाली. लागतं. पण रोज सकाळी डोंगराला फूल ठेवतो आणि कांद्याला पाणी देतो. तुमच्याकडे काय लावता? बाईंनी माझ्या पिशवीतली डाळ काढून तिच्या तळहातावर ठेवली. दोघी त्या पिवळ्या दाण्यांकडे पाहत राहिल्या. परतताना गाडीत बाई एकच वाक्य बोलल्या. "माह्या चित्रात माणसंच नव्हती."

अकोल्यात उतरून तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बार्शीटाकळीच्या शाळेत नेलं. सुधाकर मास्तरांनी वाकून नमस्कार केला. बाईंनी सारं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "राहू द्या ना, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आता त पायला ना तुमी? कोनाले काय समजते?"

"मले समजते," बाई म्हणाल्या आणि वर्गात गेल्या.

त्या पोरांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की तुमच्या या सरांना लहानपणी मी खोटं सांगितलं. ज्वालामुखी पाहिला नव्हता, पाहिला म्हटलं. साहेब हसले म्हणून लाज वाटली आणि खोटं बोलले. सुधाकर मास्तर मागच्या बाकाशी, त्यांच्या जुन्याच जागेपाशी, मान खाली घालून उभे होते.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. "मंग आता तरी पायला का, बाई?"

"हो. आता पायला."

"कसा असते?"

बाईंनी खडू घेतला. तीच रेघ, एका दमात. मास्तरांनी पुढे होऊन लाल खडू दिला. तो त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. डोंगराभोवती फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मोठा गोल काढला. आत तळं काढलं. तळ्याकाठी घरं काढली, एकेक दार-खिडकीसकट. मग वाफे. मग टोपली घेऊन बसलेली एक बाई. या रेघा आधीसारख्या येत नव्हत्या. पोरं बाकांवरून उठून पुढे आली होती.

काढून झाल्यावर त्या वर्गाकडे वळल्या. इतकी वर्षं ज्वालामुखीवर तास तास बोललेल्या बाईंनी खडू खाली ठेवला. "एवढं मले काढता आलं," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकी जाऊन पाहा."

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. तेराव्याच्या पंगतीत मी वाढत होतो. सुधाकर मास्तर जेवायला बसले होते. जेवण कसं झालं, मी विचारलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वरणात मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि डोळे पुसत आणखी वरण मागून घेतलं.