वरुडची संत्री आणि आटोक्यातली तूट

उपवासाची भगर दर वेळी मूठभर उरते, डब्यात पडते, आणि एक दिवस बघावं तर डबा भरलेला असतो. आमच्या पोथीमंडळातले किस्से असेच साठले आहेत. अमरावतीत आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या मंदिरात आम्ही बायका दुपारी पोथीला जमतो. पोथी तासभर चालते, तिच्यामागचा चहा मात्र ऊन उतरेपर्यंत. पोथीनंतर देवाधर्माचंच बोलावं असा माझा नियम. यंदा बजेट आलं आणि तो मोडला तो मोडलाच. देव मला माफ करील. सरकारला करील की नाही, ते त्याचं तो बघेल.

*

बजेटच्या दिवशी आमच्या ह्यांनी सकाळीच बजावलं, भाषण संपेस्तोवर मिक्सर लावायचा नाही. हे वीज खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात सरकारची बाजू मांडायचं काम त्यांनी बिनपगारी धरलं आहे.

भाषणाच्या वेळी देशमुखकाकू आल्या. मंडळात सगळ्यात वडील, बाळापूरकडच्या, तोंडाने फटकळ. पाठोपाठ शेजारच्या मेश्राम मॅडम आल्या. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. त्या बुद्धाला मानणाऱ्या, त्यामुळे पोथीला येत नाहीत, पण चहा चुकवत नाहीत.

टीव्हीवर सांगितलं की तूट आटोक्यात आहे. लगेच बाकं वाजली. काकूंनी मॅडमना विचारलं, तूट म्हणजे नेमकं काय? मॅडम म्हणाल्या, येतं कमी, जातं जास्त, मधली फट कर्ज काढून भरायची.

काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"हे तं आमच्या घरी दर महिन्याले होते बाप्पा. आमच्याइथं कोनी बाकं वाजवत नाही."

*

त्यावर आमच्या ह्यांनी समजावून सांगितलं की घराचा हिशोब देशाला लावायचा नसतो. देशाला थोडी तूट लागतेच, ते विकासाचं लक्षण असतं. मी ऐकून घेतलं. वाद घालणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला वाढलं. ताटात अर्धी भाकर, कडेला ठेचा, आणि भाजीची जागा मोकळी.

"भाजी?"

"तूट आहे. पण आटोक्यात आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अन् वरण?"

"वरणाची तरतूद केली आहे. पुढच्या वर्षी."

संध्याकाळी स्वतः पिशवी घेऊन गेले, वांगी आणि तुरीची डाळ आणून ओट्यावर ठेवली. नवऱ्याला उपाशी ठेवल्याचं पाप नको म्हणून मी शिरा केला. शिरा खाताना मात्र पहिल्यांदाच म्हणाले की महागाई जरा आहे.

*

मॅडमना एक सवय आहे. दर बजेटनंतर मागची भाषणं आठवून सांगतात. म्हणाल्या, तूट वाढली की ती जुन्या सरकारची करणी, आणि कमी झाली की चालू सरकारची करामत. खुर्चीवर कोणीही असो, वाक्य तेच. ह्यांना काही ते पटेना. एवढ्या मोठ्या कारभारात असं कुठे असतं का, म्हणाले.

काकू वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असते ना. भाजी जमली तं सासूनं शिकवली, खारट झाली तं सुनेनं बिघडवली. मी तीस वर्सं त्याच सरकारात काढले."

*

रथसप्तमीच्या आत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. संक्रांतीचं वाण म्हणून मी प्लॅस्टिकच्या चहागाळण्या दिल्या. इतर घरांतून मला साबणदाण्या, डबे, चिमटे असं काहीबाही मिळालं होतंच. बायका बसल्या होत्या, तर मॅडम सांगत होत्या की देशाची आणखी एक तूट असते, व्यापाराची. आपण बाहेर विकतो कमी आणि बाहेरून आणतो जास्त.

काकूंनी हातातली गाळणी उलटी करून बघितली. मग कोपऱ्यातली, मला मिळालेली साबणदाणी. मग डबा. मग उठून प्रत्येकीच्या पिशवीतलं वाण मागून घेतलं आणि उलटं केलं. सगळ्यांच्या बुडाशी चीनचं नाव होतं.

खाली बसत म्हणाल्या, "पुढच्या साली तिकडच्या बायकाइलेच बोलवा हळदीकुंकवाले. माल तं आधीच येऊन राह्यला, त्या तेवढ्या याच्या राहिल्या."

मला वाईट वाटलं. सवाष्णींना मी काय दिलं म्हणायचं?

*

आता माझ्या भावाचं सांगते. गजूची वरुडला संत्र्याची बाग आहे. बाबांनी लावलेली. माझा सोमवारचा उपवास आजवर त्याच बागेच्या संत्र्यावर सुटत आला. यंदा मृग बहार चांगला धरला होता. व्यापारी बाग बघून गेला, चहा पिऊन गेला, आणि मग फोन उचलेनासा झाला. शेजारच्या देशाने इकडच्या संत्र्यावरचा आयात कर वाढवून ठेवला होता, इकडून माल पाठवणं कुणालाच परवडेना. आपल्याकडून कोणी बोलणी करील म्हणून गजू वाट बघत बसला. फळ गळायला लागलं.

एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली.

"ताई, बाग तोडून राहिलो. जेसीबीवाल्याले सोमवारचं सांगतलं."

मी पुष्कळ बोलले. तो हूं हूं करत राहिला. शेवटी मी देवघरापुढे बसून संकल्प सोडला, बाग वाचेपर्यंत संत्र्याला हात लावणार नाही. ह्यांनी दारातून विचारलं की आयात-निर्यातीचे कर महादेवाच्या हातात असतात काय?

मी म्हटलं, "ज्यांच्या हातात आहेत त्यांना सांगून झालं."

त्या दिवशी ते बातम्या न लावता झोपले.

*

आणि त्याच रविवारी, म्हणजे जेसीबी यायच्या आदल्या दिवशी, आमच्या मंदिराच्या हॉलमध्ये मुंबईचे एक पुढारी आले. महिलांना बजेट समजावून सांगायला. हॉल आमच्या ह्यांनीच मिळवून दिला होता. गजूला कळलं तेव्हा तो पिकअपमध्ये दोन क्रेट संत्री घालून आला. म्हणाला, बागेची शेवटचीच आहेत, महादेवापुढे ठेव आणि बायकांना प्रसाद वाट.

पुढाऱ्यांच्या इथल्या माणसाने एक मोठी टोपली आणून आमच्या हवाली केली. चकचकीत कागदात बांधलेली, आत किवी आणि परदेशी संत्री, एकेकावर गोल स्टिकर. ती आम्ही बायकांनी साहेबांना द्यायची होती. काकू म्हणाल्या, मंदिरात आलेलं फळ आधी देवापुढे जाईल, आणि स्टिकर लावलेलं फळ महादेवाला चालत नाही. मागच्या खोलीत बसून त्यांनी सगळी फळं धुतली आणि स्टिकर काढले.

आता काढलेल्या टिकलीचं आपण काय करतो? आरशाला लावतो. फेकवत नाही. तिथे आरसा नव्हता. काकूंच्या हाताशी गजूचा क्रेट होता. गप्पा मारता मारता त्या एकेक स्टिकर गजूच्या एकेका संत्र्याला चिकटवत गेल्या. त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

बाहेर साहेबांचं भाषण रंगलं होतं. व्यापाराची तूट कशी भरून निघेल ते सांगत होते. भगिनींनो, देशी घ्या, गावचं घ्या. आमचे हे पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

भाषण संपताना तो माणूस आत आला, दोन्ही फळं बघितली, स्टिकर असलेली संत्री निवडून ताटात घेतली आणि मला म्हणाला, "ताई, बिनस्टिकरवाले बायकांले वाटून द्या. साहेबाले चांगले लागते." मी तोंड उघडायच्या आत ताट गेलं सुद्धा.

साहेबांनी एक संत्रं सोललं. एक फोड खाल्ली, मग दुसरी. बी हातावर काढली आणि तिच्याकडेही कौतुकाने बघितलं. हॉलच्या दारात गजू दुसरा क्रेट घेऊन उभा होता. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

साहेबांनी स्टिकर असलेली साल वर धरली, सगळ्यांना दाखवली आणि पुन्हा माइक घेतला.

"बघा, याला म्हणतात क्वालिटी! आपल्या वरुडच्या शेतकऱ्यांनी असं पिकवायला शिकलं पाहिजे."

 आमच्या ह्यांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले.

गजूने क्रेट खाली ठेवला. रांगांमधून पुढे आला, साहेबांना नमस्कार केला, त्यांच्या हातातली साल घेतली आणि घडी करून खिशात घातली. साहेबांना वाटलं कचरा उचलणारा असेल, त्यांनी मान डोलावली. गजू तसाच ओसरीवर गेला आणि फोन लावला. मी मागे मागे गेले.

"हं, जेसीबीवाले भाऊ? उद्या येऊ नका."

पलीकडून काहून म्हणून विचारलं असावं.

"साहेब म्हनते, मले अजून पिकवनं शिकाचं हाय."